हॉकी लीगच्या शिस्तपालन समितीत मी चिटणीस होतो तेव्हा

मी आयुष्यात एकाच संस्थेचा पदाधिकारी झालो, आणि त्या पदावर असताना एका बाईला मार खायला तिच्या नवऱ्याच्या घरी परत पोचवून आलो. एसटीचं तिकीटही मीच काढलं. ही गोष्ट मी बायकोला लग्नानंतर आठव्या दिवशी सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ह्यात हसायला काय येतंय तुम्हाला?" मी हसत नव्हतो. पण सांगताना मधेच तोंड वाकडं होतं हे खरं आहे. आम्ही समितीतले तिघं जे वागलो ते तसं वेडगळच होतं.

गाव पूर्णा. ऐंशी सालाच्या पुढची वर्षं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन गेला होता, नामांतर मात्र व्हायचं होतं, आणि आज बंद तर उद्या मोर्चा असं चाललेलं होतं. मी स्टेशनवर पार्सल ऑफिसात कारकून होतो, वय पंचवीस. जिल्ह्यात बाकी सगळीकडे कबड्डी, आमच्याकडे हॉकी, कारण जंक्शनच्या गावात सिकंदराबादेकडून बदलून आलेली माणसं सामानाबरोबर स्टिकाही घेऊन आली होती. गावानं आजूबाजूची गावं धरून सहा संघांची एक लीग चालवली होती. त्या लीगची शिस्तपालन समिती होती तीन जणांची.

अध्यक्ष होते निवृत्त गार्डसाहेब. आयुष्यभर गाडीला झेंडी दाखवल्यामुळे बोलतानाही त्यांचा एक हात खांद्याच्या वर जायचा आणि समोरचा माणूस आपोआप निघून जायचा. दुसरे अंपायर चाचा. त्यांच्याकडे हॉकीच्या नियमांचं एक जुनं पुस्तक होतं, मेणकापडात बांधलेलं. ते त्यांनी कुणाला हाताळू दिलं नाही, त्यामुळे त्यात खरोखर काय लिहिलं आहे हे गावात त्यांनाच ठाऊक. आणि तिसरा मी, चिटणीस. मला हॉकी येत नव्हती. माझं अक्षर चांगलं होतं.

समिती कडक होती. गोललाइनवर पान थुंकला म्हणून एका फुलबॅकला आम्ही दोन सामने घरी बसवलं. एकाचे दोन पायांत दोन रंगांचे मोजे होते, त्याला लेखी ताकीद. एका गोलकीपरनं चाचांना उद्देशून "चष्मा बदला" असं म्हटल्याबद्दल त्याचा अख्खा सीझन गेला. तो बिचारा माफी मागायला चाचांच्या घरी जाऊन पायावर डोकं ठेवून आला. चाचा म्हणाले, "बेटा, दिल से माफ किया. मगर सीझन तो गया." प्रत्येक निकाल मी सुवाच्य अक्षरात लिहायचो, खाली गोल शिक्का मारायचो आणि वाचनालयाच्या फळ्यावर डकवायचो. गावात लोक थांबून वाचायचे. मला त्याचा अभिमान होता.

आमच्या संघाचा कप्तान सेंटर फॉरवर्ड होता, इंजिन शेडमध्ये फिटर. त्याच्यासारखा खेळाडू मी पुन्हा पाहिला नाही. गोलसमोरच्या डीमध्ये चेंडू त्याच्या स्टिकला लागला की मैदानाबाहेर भजी तळणारासुद्धा झारा हातात धरून उभा राहायचा. सहा वर्षांत त्याला एकही कार्ड मिळालं नव्हतं. त्याच्यामुळे समोरच्याला साधं खरचटलंही नव्हतं. कुणी पडला तर हा हात देऊन उठवायचा. समितीनं त्याला लागोपाठ दोन वर्षं 'सर्वांत शिस्तबद्ध खेळाडू' म्हणून प्रशस्तिपत्र दिलं होतं. मजकूर माझाच होता. त्यात 'मृदू स्वभाव' असे शब्द होते.

तो माझा मित्र होता, म्हणजे मी त्याच्या मागं मागं असायचो आणि तो मला "सेक्रेटरी" म्हणायचा. एवढ्यावर मी खूश होतो. आमच्या कॉलनीतली घरं पाठीला पाठ लावून बांधलेली. त्याच्या घरातून कधीकधी भर दुपारी रेडिओचा आवाज एकदम मोठा व्हायचा, मग थोड्या वेळानं कमी व्हायचा. आम्ही म्हणायचो, कप्तानाला गाण्याचा शौक आहे. रेडिओवर त्या वेळी शेतीमालाचे बाजारभाव चालू असायचे. तरी आम्ही शौकच म्हणायचो.

उपांत्य सामन्याला आठ-नऊ दिवस राहिले असतील. रविवारी सकाळी वाचनालयाच्या खोलीत समितीची बैठक होती. विषय होता पालमच्या संघानं तेरा खेळाडू उतरवल्याचा. पालमचे लोक म्हणत होते की त्यातले दोघे एसटीची वेळ विचारायला मैदानात आले होते. हे चालू असताना दारात दोन बायका आल्या. एक कप्तानाची बायको. दुसरी तिच्या शेजारी राहणाऱ्या शाळेतल्या बाई. बाई बौद्ध समाजातल्या, शाळेत गणित शिकवायच्या, आणि मोर्च्यात पुढे असायच्या. आमच्या घरी चहाच्या वेळी नामांतराबद्दल जे बोललं जायचं, ते त्यांच्या कानावर गेलं असेल की काय, अशी मला त्यांना पाहिलं की उगाच भीती वाटायची. आमची घरं जमीनजुमल्याची. कप्तानाचंही तसंच.

गार्डसाहेब म्हणाले, "काय काम काढलं, वहिनी?"

ती म्हणाली, "मला कागद पायजे."

"कसला कागद?"

"हेनं मला मारतेत, म्हणून. तुमी सगळ्यायला कागद देताव. पान थुकल्याचा दिला, मोज्याचा दिला. मला बी द्या."

गार्डसाहेबांनी चाचांकडे पाहिलं, चाचांनी पुस्तकाकडे.

कागद कशाला हवा ते तिनं सरळ सांगितलं. तिचं माहेर चारठाण्याचं. वडील गावचे कोतवाल होते. तहसिलातून निघालेले कागद जिंतूरहून गावात आणायचे आणि गावातले तिकडे पोचवायचे, हे काम त्यांनी पस्तीस वर्षं केलं. वाचता बेताचंच यायचं. पण शिक्का असलेला कागद खरा आणि बिनशिक्क्याचं बोलणं वारं, हे त्यांच्या हाडात बसलेलं. ती दोनदा माहेरी गेली होती. दोन्ही वेळा त्यांनी तिला परत आणून सोडलं. जावई पायावर डोकं ठेवतो, चपला उचलून ठेवतो, पेपरात नाव येतं, तो मारील कसा? शेवटच्या खेपेला म्हणाले होते, "तिकडल्या एका तरी शहाण्या मान्साचं लिवलेलं आण. मंग तुला ठेवून घेतो."

"तवा लिवून द्या," ती म्हणाली. "दुसरं कायबी नको. त्यायला पोलिसात देऊ नका. खेळू द्या, नका खेळू देऊ, ते तुमचं तुमी बगा. मला माहेरी ऱ्हायचंय."

मागणी एवढीच होती. एक पान, माझ्या अक्षरातलं, शिक्क्यासकट. दौत आणि टाक तिथंच टेबलावर होता.

गार्डसाहेबांनी घसा साफ केला. "स्टिकनं मारतो का?"

"हातानं. पट्ट्यानं बी."

चाचा हळहळले. खरंच हळहळले, माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "बेटी, स्टिक होती तो मैं अभी के अभी लाल कार्ड निकालता. डेंजरस प्ले. मगर पट्टे का जिकर नै है रूल में."

"आणि मुख्य म्हणजे," गार्डसाहेब म्हणाले, "समितीचं कार्यक्षेत्र मैदानापुरतं. बाहेर काय होतं त्यात आपण कसं पडणार?"

तेव्हा शाळेतल्या बाई पहिल्यांदा बोलल्या. "मैदानातच होतं. ह्यांच्या मागच्या अंगणातून तुमची चुन्याची रेघ जाते. कपडे धुवायचा दगड आहे तिथं मारलं परवा. मी माझ्या दारातून पाहिलंय."

हे म्हणताना त्यांना काय म्हणायचं होतं ते मला आज कळतं. आमची लाज काढायची होती. पण आम्ही तिघंही नियमांची माणसं. गार्डसाहेबांचे डोळे चमकले. ते म्हणाले, "हा मुद्दा आहे. मोजून घेऊ."

आणि आम्ही मोजायला गेलो. मी हे लिहितोय तेव्हा माझा कान तापलाय. रविवारी सकाळी अकरा वाजता, मैदान आखायची लांब टेप घेऊन शिस्तपालन समिती कप्तानाच्या मागच्या अंगणात गेली. कप्तान तेव्हा शेडमध्ये कामावर होता. टेपचं एक टोक गार्डसाहेबांनी रेघेवर धरलं, दुसरं मी दगडाला लावलं. चाचांनी पुस्तक उघडून ठेवलं, आणि एवढंही सांगितलं की चेंडू रेघेवर असला तर तो आतच धरतात, तसा दगड रेघेवर असेल तर ह्या केसमध्ये आपण काही करू शकतो. आजूबाजूच्या बायका दारात आल्या. एकीनं विचारलं, "नळ येणार का हो इथं?"

दगड रेघेच्या बाहेर भरला. दीड फूट.

चाचांनी मान हलवली. सवयीनं त्यांचा हातही साइडलाइनच्या दिशेनं गेला, चेंडू बाहेर गेल्यावर जातो तसा.

कप्तानाची बायको तिथंच उभी होती. ती म्हणाली, "मंग म्या दीड फूट तिकडं सरकून मार खायला पायजे होता का?"

मी टेप गुंडाळत होतो. ती टेप नीट गुंडाळली नाही तर पिळा पडतो, म्हणून मी मन लावून गुंडाळत होतो.

गार्डसाहेब बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, तुम्ही समजूतदार. सध्याचं वातावरण बघताय. नामांतरावरून आधीच गाव तापलंय. त्यात तुम्ही हे प्रकरण पुढं केलं तर लोक त्याला भलता रंग देतील."

बाई म्हणाल्या, "गार्डसाहेब, नवरा तुमच्यातला, बायको तुमच्यातली, मार तुमच्यातला. ह्यात माझा रंग कुठून आला? विद्यापीठाचं नाव बदलायला वेळ लागतोय, मी समजू शकते. तुम्हाला तर अकरातलं एक नाव बदलायचंय."

असं खरं तर मी म्हणायला हवं होतं. मी टेप पेटीत ठेवली.

दुपारी आम्ही कप्तानाला बोलावलं. तो आला, तिघांना वाकून नमस्कार केला. गार्डसाहेब म्हणाले, "अरे, जरा सांभाळून घेत जा घरी." तो खाली बघत म्हणाला, "चुकलं साहेब. पण मैदानात कधी माझ्यामुळं कुणाला लागलंय का?" लागलं नव्हतं. त्यावर चहा झाला. मग गार्डसाहेबांनी मला मजकूर सांगितला आणि मी लिहिला: 'सदर प्रकरण घरगुती स्वरूपाचे असून कार्यक्षेत्राबाहेरचे आहे. उभयतांत आपसात मिटले आहे. खेळाडूचे वर्तन समाधानकारक आढळले.' मिटलं नव्हतं. तिला तर कुणी विचारलंही नव्हतं. 'उभयतांत' हा शब्द माझा. गार्डसाहेबांनी नुसतं 'मिटले आहे' सांगितलं होतं, मला वाक्य उघडं वाटलं. दोन प्रती काढल्या, खाली गोल शिक्का मारला आणि एक प्रत कप्तानाला दिली.

ती दुसऱ्या दिवशी कागदाशिवायच चारठाण्याला निघून गेली.

आणि आमच्या संघाचं वाटोळं झालं. कप्तान खानावळीत जेवायला लागला. तिथल्या आमटीनं त्याचं पोट बिघडलं. सरावात तो पळायचा कमी आणि पोट धरून उभा जास्त. शुक्रवारच्या सामन्यात त्यानं पेनल्टी स्ट्रोक गोलच्या बाहेर मारला, भजीवाल्याच्या कढईपासून हातभर. भजीवाला म्हणाला, "सहा वर्षात पहिल्यांदा मला त्याची भीती वाटली." शनिवारी समितीची तातडीची बैठक झाली. एका बाईनं मार खाल्ला तेव्हा आमच्याकडे नियम नव्हता. सेंटर फॉरवर्डचं पोट बिघडल्यावर आम्हाला तो अर्ध्या तासात सापडला. ठरलं असं की कप्तानाच्या बायकोला नांदायला परत आणायचं. आमच्याकडे मुलीला आणायला सासरचा एखादा जबाबदार माणूस जातो. कप्तानाला भाऊ नव्हता, वडील म्हातारे. गार्डसाहेबांचा हात खांद्याच्या वर गेला. म्हणाले, "सेक्रेटरी, तुम्ही जा. तो कागद बरोबर न्या."

मी गेलो. पूर्णेहून परभणी, परभणीहून जिंतूर, जिंतूरहून चारठाणा, तीन एसट्या. पिशवीत एक साडी, नारळ आणि तो कागद. वाटेत मी मनाला सांगत होतो की मी दोन जिवांना जोडायला निघालो आहे. उपांत्य सामना मंगळवारी होता, ही गोष्ट मनाला सांगायची गरज नव्हती, ती त्याला माहीत होती.

तिचे वडील ओट्यावर बसले होते. पाणी दिलं, चहा दिला. "पाव्हणं, कसं येणं केलं?" मी कागद पुढं केला. त्यांनी मजकुराकडे पाहिलंच नाही. अंगठा शिक्क्यावरून फिरवला, कागद उन्हाकडे धरला, पाठीमागून पाहिला. मग विचारलं, "काय लिवलंय?" मी वाचून दाखवलं. 'वर्तन समाधानकारक' हे वाचताना मी अडखळलो, तर त्यांनी मला आणखी पाणी मागवलं.

मग ते आत बघून मुलीला म्हणाले, "बाई, कागद आलाय. शिक्का हाय. आता बोलायचं काम न्हाई. बोचकं बांध."

ती दारात आली. तिनं कागद हातात घेतला, सगळा वाचला. ती सातवी शिकलेली होती. वडिलांना ती काही म्हणाली नाही. बोचकं बांधून आणलं.

परत येताना जिंतूरच्या स्टँडवर मी तिला पेरू घेऊन दिले. तिनं ते शेजारच्या म्हातारीला दिले. परभणीला भजी घेऊन दिली, ती दुसऱ्या म्हातारीला. त्या प्रवासात मी तीन तालुक्यांतल्या म्हाताऱ्यांना खाऊ घातलं. पूर्णा जवळ आल्यावर ती एकच वाक्य बोलली. "भाऊजी, तुमचं अक्षर लय चांगलं हाय."

मंगळवारी कप्तानानं तीन गोल केले. गार्डसाहेबांनी मला मिठी मारली. चाचा म्हणाले, "घर का खाना, मियाँ. घर का खाना."

गुरुवारी शाळेतल्या बाई पार्सल ऑफिसात आल्या. काउंटरवर आंब्याच्या लोणच्याचा डबा बुक करायला आलेला एक माणूस होता, त्याचं होईपर्यंत त्या रांगेत थांबल्या. मग म्हणाल्या, "तिचा उजवा हात मनगटात मोडलाय. काल प्लास्टर घातलं. आता माझ्याकडे आहे. आपल्याकडची प्रत दाखवून नवरा म्हणत होता, 'बघ, सरकारी शिक्का आहे माझ्या बाजूनं.'"

शिक्का सरकारी नव्हता, हॉकी लीगचा होता, हेच मला आधी सुचलं.

बाई म्हणाल्या, "मी तुम्हाला शिव्या द्यायला आले नाही. मला हिशेब सांगा. मोज्याला एक ताकीद, पान थुंकल्याला दोन सामने, चाचांच्या चष्म्याला एक सीझन. मनगटाला किती?"

त्या गणिताच्या बाई होत्या. मी लहानपणापासून गणितात कच्चा. पण हे उत्तर मला आलं असतं तरी मी ते सांगितलं नसतं, इतका मी तोवर भित्रा झालो होतो. त्या गेल्यावर मी तासभर एकही पार्सल नोंदवलं नाही. मग दुपारची सुट्टी झाल्यावर वाचनालयात गेलो. शिक्का आणि लेटरपॅड माझ्याच पेटीत असायचं. मी लिहिलं. पहिल्यांदा 'उभयतांत' शब्द न वापरता लिहिलं. नवरा बायकोला मारतो, शेजाऱ्यांनी पाहिलं आहे, आम्ही सर्वांनी ऐकलं आहे, आता तिचा हात मोडला आहे, समितीला हे आधीपासून माहीत होतं, सबब खेळाडूला बेमुदत बाहेर करण्यात येत आहे. समितीची बैठक झाली नव्हती, ठराव नव्हता, सही माझ्या एकट्याची. म्हणून भीतीनं मी शिक्का जास्त वेळा मारला. वर, खाली, समासात, आणि एक मागच्या बाजूला. कागद लग्नपत्रिकेसारखा दिसायला लागला. एक प्रत फळ्यावर डकवली. दुसरी घेतली आणि शुक्रवारी त्या दोघींबरोबर एसटीत बसलो. ह्या खेपेला मी काही खायला घेतलं नाही.

तिच्या वडिलांनी आधी मुलीच्या प्लास्टरकडे पाहिलं. मग मी कागद दिला. त्यांनी अंगठा फिरवला, उन्हाकडे धरला, पाठीमागून पाहिला. आत जाऊन पत्र्याच्या पेटीतून पहिला कागद काढून आणला. जपून ठेवलेला. दोन्ही ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले.

"शिक्का त्योच हाय," ते म्हणाले.

"हो."

"हात बी त्योच."

"माझाच."

"ह्यात काय लिवलंय?"

मी वाचलं. त्यांनी पहिल्या कागदावर बोट ठेवलं. "आन ह्यात तर समाधान लिवलंय." त्यांनी दोन्ही कागद पुन्हा उन्हाकडे धरले. पस्तीस वर्षं त्यांनी असे कागद डोक्यावरच्या पिशवीत घालून, ओढ्याला पाणी असलं तर अंगरखा ओला करून कागद कोरडे ठेवून, गावात आणले होते. शेवटी म्हणाले, "पाव्हणं, दोन्हीवर शिक्का हाय. ह्यातला खरा कंचा?"

मला वाटलं होतं की कागद दिला की माझं काम संपलं. लिहायला मला एकट्याला खोलीत बसता येत होतं. आता ओट्यावर तिचे दोन भाऊ उभे, शेजारचे चार जण जमलेले, बाई खांबाला टेकलेल्या, आणि मला तोंडानं बोलायचं होतं. मी म्हणालो, "दुसरा खरा. पहिला खोटा आहे. मी खोटं लिहिलं."

"काऊन?"

मी ओट्यावरचे दोन्ही कागद सरळ करायला लागलो.

"काऊन लिवलं? पैसे घेतले का?"

"नाही."

"मंग धाक घातला का कुणी?"

"नाही आबा. सेमीफायनल होती."

त्यांना तो शब्द कळला नाही. त्यांनी मुलाकडे पाहिलं. थोरला मुलगा म्हणाला, "मॅच होती त्येंची." आबांनी मान हलवली, जणू मॅच म्हणजे एखादी महसुली बाब असावी. मग एकदम त्यांना ती कळली असावी. धाकटा भाऊ ओट्यावरून खाली उतरला. मला वाटलं आता मार बसणार. बाई म्हणाल्या, "त्याला मारू नका. अजून एक प्लास्टर कुणाच्या शिक्क्यानं मागायचं?"

आबा मुलीला म्हणाले, "बोचकं आत ने." आणि मला म्हणाले, "जिंतूरची गाडी चारला हाय." तेव्हा अडीच वाजले होते. मी दीड तास स्टँडवर बसलो. चहाचं त्यांनी विचारलं नाही, ते योग्यच होतं.

ती तिथंच राहिली. कप्तान दोनदा न्यायला आला, दोन्ही वेळा भाऊ दारात उभे राहिले. पुढं सोडचिठ्ठी झाली.

लीगनं काय केलं तेही सांगायला हवं. फळ्यावरचा कागद गार्डसाहेबांनी त्याच दिवशी काढला. कप्तान अंतिम सामना खेळला, आम्ही जिंकलो, त्यानं पडलेल्या दोघांना हात देऊन उठवलं. आणि त्यानंतरच्या रविवारी शिस्तपालन समितीसमोर मला उभं केलं. आरोप: ठराव नसताना शिक्का वापरला, तोही एका कागदावर चार ठिकाणी. ती बैठक मी पाहिलेल्या बैठकांत सर्वांत नेटकी झाली. कार्यक्षेत्राचा प्रश्न निघाला नाही, कुणी टेप आणली नाही. माझ्या जागी तात्पुरता चिटणीस म्हणून पार्सल ऑफिसातलाच दुसरा कारकून होता, त्याचं अक्षर गिचमिड. गार्डसाहेबांनी विचारलं, "बचावात काही म्हणायचंय?" मी म्हणालो, "चार शिक्क्यांची शिक्षा द्याच. पण पहिल्या कागदावर एक शिक्का आहे, त्याचीही द्या." चाचांनी माझ्याकडे पाहिलं, डोळे पुसले, आणि मला तीन सीझन बाहेर केलं. पहिल्या कागदाबद्दल कुणी काही लिहिलं नाही.

मी खेळत नव्हतोच, त्यामुळे बाहेर करण्याचा अर्थ एवढाच झाला की मला मैदानाच्या कडेला उभं राहायची बंदी झाली. तीन सीझन मी सामने पाहिले नाहीत. बंदी संपल्यावरही गेलो नाही. आवाज घरी ऐकू यायचा.

सात-आठ वर्षांनी मी ऑफिसच्या कामानं जिंतूरला गेलो होतो. स्टँडवर ती दिसली. अंगणवाडीत कामाला लागली होती. जवळ मुलांचं वजन करायचा मोठा काटा होता, तो ती डाव्या हातानं ओढत होती. उजवं मनगट पूर्ण फिरत नव्हतं, लांबूनही कळत होतं. मी पुढं झालो. सात वर्षं मनात घोळवलेलं बोलायला सुरुवात केली. मी म्हणालो, "वहिनी, मला तुमची..."

"आता वहिनी कशाची," ती म्हणाली. "ताई म्हणा. आन ते बोलणं थांबवा जरा, गाडी लागायलीय. हे उचला."

मी काटा उचलला. जड होता. लोक चढत होते, मी तो डोक्यावर घेऊन दारात अडकलो, कंडक्टर ओरडला, मागच्या एका माणसाची टोपी काट्याच्या आकड्यात अडकून खाली पडली. ती आत बसून मला सांगत होती, "आडवा करा, भाऊजी. आडवा. असा न्हाई. आडवा." शेवटी बसला. घामानं निथळत मी तिच्या सीटजवळ उभा राहिलो आणि म्हणालो, "ताई, ती पहिली खेप..."

"ती मी इसरले न्हाई," ती म्हणाली.

"मीपण नाही."

"मंग बरं हाय."

कंडक्टरनं मला विचारलं कुठं जायचंय. मला कुठंच जायचं नव्हतं. त्यानं मला खाली उतरवलं आणि दार लावून घेतलं.